धायटी: सातपुड्याच्या खडकाळ उतारावरचं झुडूप ओळखावं, वाढवावं आणि राखावं कसं

फेब्रुवारी-मार्चमध्ये शहाद्याहून तोरणमाळच्या घाटात चढताना पळसाबरोबर आणखी एक लाल रंग डोळ्यांत भरतो. पळस उंच झाडावर असतो. हा दुसरा लाल रंग कमरेएवढ्या, फार तर दोन पुरुष उंचीच्या झुडपांवर, रस्ता कापताना उघड्या पडलेल्या खडकाच्या कडेला दिसतो. ती धायटी. धायफूल, धावस, धातकी ही तिचीच नावं, आणि शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर, यावल-रावेरच्या वरचा पालचा भाग, दक्षिणेला चाळीसगावकडची अजिंठ्याची रांग, असा खान्देशाच्या दोन्ही अंगांना हा पट्टा आहे. मधल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत मात्र ती आपणहून येत नाही. तिची लागवड करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं. धायटीची रोपं उपासमारीने कमी मरतात, लाडाने जास्त मरतात. बी खोल पुरलं, माती भारी घेतली, पाणी रोज दिलं, खत मुठीने टाकलं, की रोप गेलं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे हेच कारण आहे.

रोपवाटिकेतून बी किंवा रोप मागवताना एक काळजी घ्या. 'धावडी' म्हणून मागितलं तर धावड्याचं बी हातात पडू शकतं. धावडा हा डिंक देणारा, पांढुरक्या सालीचा वृक्ष आहे आणि त्याचा धायटीशी संबंध नाही. म्हणून शास्त्रीय नाव कागदावर लिहून द्या.

फूल नसताना ओळख

फुलात असताना धायटी कोणीही ओळखतो. खरी परीक्षा ऑगस्ट ते डिसेंबर. तेव्हा उतारावर कुडा, मुरुडशेंग, निरगुडी, बोंडारा यांची हिरवी गर्दी असते. 10 पट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. दागिने पारखायला सोनार वापरतात तेच पुरतं.

आधी फांदी बघा. धायटीच्या फांद्या बुडापासूनच फुटतात, लांब जातात आणि कमानीसारख्या खाली झुकतात. एक खोड आणि वर डेरा अशी रचना नसते. जुन्या फांदीची साल तांबूस तपकिरी असते आणि तिचे पातळ, धाग्यासारखे पापुद्रे सुटतात. मग पानं बघा. ती समोरासमोर जोडीने येतात, देठ जवळजवळ नसतोच, आणि बहुतेक जोड्या फांदीच्या दोन बाजूंना एकाच पातळीत पसरलेल्या दिसतात. कधी एका पेरावर तीन पानं निघतात, तर कधी जोडीतलं एक पान थोडं वर सरकलेलं असतं. तेवढ्याने गोंधळू नका. पान भाल्याच्या पात्यासारखं, साधारण 5 ते 9 सेंटिमीटर लांब, टोकाला निमुळतं आणि बुडाशी गोल किंवा किंचित हृदयाकृती असतं.

आता पान उलटं करा, कारण पक्का पुरावा तिथेच आहे. खालची बाजू फिकट, पांढुरकी, बारीक लव असलेली असते आणि त्या लवेत काळे ठिपके विखुरलेले असतात. या ग्रंथी आहेत. कोवळ्या पानावर लव दाट असते, त्यामुळे ठिपके झाकले जातात. म्हणून शेंड्याचं पान घेऊ नका, खालून तिसरी-चौथी जोडी घ्या. नुसत्या डोळ्यांना ठिपके धुळीसारखे वाटतात. बोटाने पुसून बघा. धूळ जाते, ग्रंथी राहतात.

याच कसोटीने शेजारची झुडपं बाजूला पडतात. कुड्याची पानंही समोरासमोर असतात, पण पान तोडलं की पांढरा चीक येतो. धायटीला चीक नाही. मुरुडशेंगेची पानं एकाआड एक, रुंद आणि हाताला खरखरीत लागतात. निरगुडीचं पान तीन ते पाच पर्णिकांचं असतं आणि चुरगळलं की उग्र वास येतो. बोंडारा हा मात्र धायटीच्याच कुळातला, त्यामुळे पानांची मांडणी मिळतीजुळती असते. पण बोंडाऱ्याच्या पानाला आखूड देठ असतो आणि पाठीवर ते काळे ठिपके नसतात.

फूल उघडून वाचणं

धायटीचं फूल चुकीचं वाचणारे पुष्कळ. लाल नळी दिसली की ती पाकळ्यांची असं मानून टिपण केलं जातं, आणि मग कुळ शोधताना सगळंच फसतं. म्हणून एकदा नीट उघडून बघा. लागतं एवढंच: भिंग, दाढीचं नवं पातं, दोन सुया आणि एक पांढरा कागद.

सकाळी आठच्या आत, पूर्ण उमललेली चार-पाच फुलं आणि एक-दोन कळ्या तोडा. उन्हं वर चढली की नाजूक भाग सुकून आत वळतात. फुलं पानाच्या बगलेतून आखूड झुबक्यांनी निघतात, आणि तोपर्यंत पानं बरीच गळलेली असल्याने अख्खी फांदी लाल दिसते.

फूल आडवं ठेवून नळीच्या एका बाजूने, वरून खाली, एक सरळ चीर द्या आणि नळी सुयांनी पसरवा. ही 1 ते 1.5 सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकडी लाल नळी म्हणजे निदलपुंज, पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण. तिच्या तोंडाशी सहा दात दिसतील. दर दोन दातांच्या मध्ये बाहेरच्या बाजूला आणखी एक बारीकसा उंचवटा असतो. तोही दात समजून मोजला तर संख्या बारा होते. नवखे इथेच चुकतात. खऱ्या पाकळ्या आतल्या बाजूला, दातांच्या खाचांमध्ये असतात. त्याही सहा, अरुंद, फिक्या रंगाच्या आणि दातांएवढ्या किंवा त्याहून जराशा लांब. वाळलेल्या फुलात त्या सापडतच नाहीत. बाजारातून आणलेल्या धायफुलावर हा अभ्यास होत नाही, त्याचं कारण हे.

पुंकेसर बारा. ते नळीच्या तळाजवळून निघून तोंडाबाहेर बरेच लांब येतात आणि एका अंगाला झुकलेले असतात. मोजताना दर सहांवर सुईने खूण करत जा. जुन्या फुलात काही गळालेले असतात, म्हणून एका फुलावर विसंबू नका, तीन फुलं मोजा. मधोमध अंडाशय आहे. त्याला आडवा छेद दिला तर दोन कप्पे आणि त्यांत ठासून भरलेली बीजांडं दिसतात. अंडाशय नळीच्या तळाला सुटा बसलेला असतो, नळीला चिकटलेला नसतो. सुईने हलकेच ढकललात तर तो हलतो.

ज्यांच्याकडे साक्री-सटाण्याकडच्या डाळिंबाच्या बागा आहेत त्यांना ही रचना समजायला सोपी जाईल. डाळिंबाच्या फुलातला जाड लाल भागही निदलपुंजाचाच, आणि फळावरचा मुकुट हे त्याचेच दात. आजच्या वर्गीकरणात डाळिंब, मेंदी, बोंडारा आणि धायटी ही सगळी लिथ्रेसी या एकाच कुळात येतात. मेंदीत चारचा हिशोब आहे, धायटीत सहाचा. वुडफोर्डिया या वंशात मात्र दोनच जाती आहेत. आपली ही एक, दुसरी अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेकडची.

नळीच्या तळाशी मध असतो. शिंजीर पक्षी वाकडी चोच घालून तो पितो आणि बाहेर आलेल्या पुंकेसरांचे पराग त्याच्या कपाळाला लागतात. मधमाश्याही भरपूर येतात. फांदीवरची सगळी फुलं झोडपून नेली तर पुढे बी धरत नाही, हे फूल गोळा करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं आहे.

नमुना दाबून ठेवायचा असेल तर फुलांची फांदी 30 सेंटिमीटरच्या आत घ्या. किमान दोन पानं उलटी ठेवा म्हणजे ठिपके दिसतील, आणि दोन-तीन फुलं चीर देऊन पसरून ठेवा. रद्दी वर्तमानपत्र पहिले तीन दिवस रोज बदला. पानांत टॅनिन भरपूर आहे. ओल राहिली तर पान काळं पडतं आणि मग ठिपके ओळखता येत नाहीत. चिठ्ठीवर तारीख, गाव, उंची, उताराची दिशा, खडक की मुरूम, आणि तिथले लोक म्हणतात ते नाव लिहा. फुलाचा रंग त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण वाळल्यावर तो विटकरी होतो.

बी: केव्हा, कसं

धायटीचं बोंड दिसत नाही म्हणून बी मिळत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बोंड असतं, पण वाळलेल्या निदलनळीच्या आत. बाहेरून नुसतं सुकलेलं फूल दिसतं आणि लोक ते टाकून देतात. एप्रिलपासून झुडपं बघत राहा. नळी लाल असेल तर घाई करू नका. नळी तपकिरी झाली, बोटांत धरल्यावर आत टणक लांबट दाणा लागला, आणि एखादं-दुसरं बोंड फुटू लागलं, तेव्हा वेळ झाली. सगळी फुटेपर्यंत थांबलात तर हाती काही येत नाही. बी इतकं हलकं असतं की मे महिन्यातल्या खान्देशी वाऱ्यात एका दुपारीत उडून जातं.

फांद्या तोडू नका. झुबकेच तेवढे हाताने खुडून कागदी पिशवीत टाका. प्लास्टिकच्या पिशवीत वाफ धरते आणि बुरशी येते. किमान दहा-पंधरा वेगवेगळ्या झुडपांवरून, प्रत्येकावरून थोडं थोडं घ्या, म्हणजे सगळी रोपं एकाच आईची होत नाहीत. पिशवी सावलीत चार-पाच दिवस उघडी ठेवा. मग झुबके जाड कापडात बांधून हाताने चोळा. आधी चहाच्या गाळणीने, मग मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली जी तपकिरी पूड उरते त्यात बीही असतं आणि बोंडाचा भुसाही. ती गुळगुळीत कागदावर घेऊन कागद जरासा तिरका करा आणि हलकेच टिचक्या मारा. बी घरंगळत खाली येतं, भुसा मागे रेंगाळतो. पंख्याखाली हे काम करू नये.

बी तंबाखूच्या बियांइतकं बारीक असतं. त्यामुळे चिमूटभर बियांतही शेकडो रोपांची सोय होते. जास्त गोळा करण्यात अर्थ नाही. पेरण्याआधी ओल्या टिपकागदावर शंभरेक बिया टाकून झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा. तीन आठवड्यांत किती उगवतात ते मोजलं की पेरणीचं प्रमाण ठरवता येतं. बी फार दिवस साठवून ठेवण्यापेक्षा त्याच हंगामात पेरा. ठेवायचंच असेल तर पूर्ण वाळवून, कागदाच्या पुडीत, घट्ट झाकणाच्या बाटलीत, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. पत्र्याच्या खोलीत नको.

पेरणी

एप्रिल-मेमध्ये बी तयार होतं आणि जूनमध्ये पाऊस येतो, म्हणून त्याच पावसाळ्यात डोंगरावर रोपं लावू, असा हिशोब करू नका. जूनला पेरलेलं रोप ऑगस्टमध्ये बोटाच्या पेराएवढंही नसतं. ते पिशवीत एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढेल आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत उतारावर जाईल. तेरा-चौदा महिन्यांचा हा कार्यक्रम आहे, हे आधीच धरून चाला.

पसरट ट्रे घ्या, 7-8 सेंटिमीटर खोल, तळाला भोकं असलेला. केळी आणि पपईची रोपं ज्या रोपवाटिकांत बनतात तिथे वापरलेले ट्रे स्वस्तात मिळतात, फक्त ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून नीट धुऊन घ्या. एक भाग चाळलेली मुरमाड माती, एक भाग बारीक वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं चाळलेलं शेणखत असं मिश्रण भरा. शेणखत अर्धकच्चं असेल तर ते न घालणंच बरं. त्यावर एक सेंटिमीटर धुतलेली बारीक वाळू पसरा. मग ट्रेवर उकळतं पाणी ओता आणि एक दिवस थंड होऊ द्या. बुरशी आणि तणाचं बी कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चिमूटभर बी दोन वाट्या कोरड्या बारीक वाळूत मिसळा आणि ती वाळू मिठासारखी वरून शिंपडा. त्यावर माती टाकू नका. एक मिलिमीटरसुद्धा नको. एवढ्या बारीक बियांत कोंबाला मातीचा थर फोडून वर येण्याइतकी शिदोरी नसते, आणि अंधारात राहिलं तर ते उगवायलाच तयार होत नाही. 'बी खराब होतं' या तक्रारीतल्या बहुतेक वेळा बी चांगलं असतं, पुरलेलं खोल असतं. हाताच्या तळव्याने वाळू हलकी दाबा, एवढं पुरे.

पाणी वरून देऊ नका. झारीच्या धारेने बी वाहून ट्रेच्या एका कोपऱ्यात गोळा होतं. दुसऱ्या मोठ्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाणी भरा आणि बियांचा ट्रे त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. वरची वाळू ओली दिसू लागली की बाहेर काढून निथळू द्या. वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक ठेवा आणि ट्रे 75 टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा. रोज सकाळी झाकण दहा मिनिटं उघडा. दोन ते तीन आठवड्यांत हिरवी धूळ पसरल्यासारखी उगवण दिसते. उगवण दिसली की झाकण एकदम काढू नका. पहिल्या दिवशी एक बोट फट ठेवा, मग रोज वाढवत न्या. आठवड्याभरात झाकण पूर्ण निघालं पाहिजे.

याच सुमाराला रोपमर येते. कालपर्यंत उभी असलेली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात, आणि तो टापू वर्तुळाने वाढतो. कारण दाटी, कोंदट हवा आणि ओल. आडवी पडलेली रोपं आजूबाजूच्या दोन बोटं वाळूसकट चमच्याने उचलून टाका, पाणी एक दिवस थांबवा, हवा खेळती करा. फैलाव थांबला नाही तर कॉपर ऑक्सिक्लोराईड 3 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून बारीक फवाऱ्याने द्या. मुळात बी विरळ पेरलं असतं तर हे करावं लागलं नसतं.

चार खरी पानं आली की रोपं उचला. आगपेटीच्या काडीने खालून उकरून, रोप पानाला धरून उचलायचं. खोडाला धरलं तर ते चिरडतं. आधी 10 × 15 सेंटिमीटरच्या पिशवीत लावा आणि दिवाळीनंतर मुळं तळातून डोकावू लागली की 12.5 × 20 सेंटिमीटरच्या पिशवीत हलवा. या दुसऱ्या पिशवीत शेणखत पाचव्या हिश्शाहून जास्त नको. रोप हिरवंगार, लुसलुशीत दिसावं म्हणून युरिया घालणारे आहेत. असं रोप डोंगरावरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये करपतं. जानेवारीपासून शेडनेट हळूहळू कमी करा, म्हणजे एप्रिल-मेचं ऊन लागेपर्यंत पानं जाड आणि लहान झालेली असतील. पाणी त्या काळात एक दिवसाआड, पण सकाळी. पिशव्या दर महिन्याला जागेवरून उचलून ठेवा, नाहीतर मूळ पिशवी फोडून खालच्या जमिनीत जातं आणि लागवडीच्या दिवशी तुटतं.

काड्यांपासूनही रोपं होतात. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, अर्धवट पिकलेल्या फांद्यांचे 15 ते 20 सेंटिमीटरचे तुकडे घ्या. खालची पानं काढा, बुडाला रूटिंग पावडर लावा आणि ओल्या वाळूत, दाट सावलीत रोवा. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवली तर काडी लवकर सुकत नाही. एखाद्या ठरावीक झुडपाचीच नक्कल हवी असेल तर ही पद्धत ठीक आहे. खडकाळ उतारासाठी मात्र बियांचंच रोप घ्यावं. त्याचं सोटमूळ भेगेत खोल जातं, काडीला नुसती बाजूची मुळं फुटतात.

उतारावर लागवड

जागा निवडताना मातीपेक्षा खडक वाचा. सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या रांगेत बसाल्टचे थर एकावर एक आहेत: कठीण काळा पाषाण, त्याखाली किंवा वर ठिसूळ मुरमाचा थर, मग पुन्हा काळा पाषाण. धायटीला सर्वांत मानवतो तो मुरमाचा थर आणि दोन थरांमधला जोड, कारण पावसाचं पाणी तिथे झिरपून काही महिने टिकतं. सलग कातळावर भेग नसेल तर तिथे मेहनत करू नका. लवणात, जिथे पावसाळ्यात पाणी साचून जमीन चिबड होते, तिथेही लावू नका.

मुरमात 30 × 30 × 30 सेंटिमीटरचे खड्डे मे महिन्यातच घ्या आणि तापू द्या. भेगेत लावायचं असेल तर पहारीने भेग मोकळी करून निघालेली माती बाजूला ठेवा. रोपापासून रोप 2 मीटर आणि ओळींतही तेवढंच अंतर ठेवलं तर हेक्टरी 2500 रोपं बसतात, एकरी साधारण 1000. ओळी उताराला आडव्या, समतल रेषेवर घ्या. दोन ओळींतली रोपं एकमेकांच्या बरोबर खाली येऊ देऊ नका, नाहीतर पाण्याला थेट वाट मिळते.

खड्ड्याच्या खालच्या अंगाला दगडांचा अर्धचंद्राकृती बांध घाला, एक वीत उंच. रोप बांधाला खेटून नको, अर्धचंद्राच्या पोटातही नको. वरच्या बाजूला थोड्या उंचवट्यावर लावा, म्हणजे ओल मिळते पण बुडाशी पाणी साचत नाही. खड्डा त्यातूनच निघालेल्या मातीने भरा, त्यात फार तर एक किलो कुजलेलं शेणखत. खालून काळी माती आणून भरण्याचा मोह टाळा. मुरमातला काळ्या मातीचा खड्डा पावसात पाणी धरून बसतो आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडतो.

दिवस निवडायचा तो दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाल्यावर. धडगाव-अक्कलकुव्याकडे तो जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. धुळे-पारोळ्याकडच्या पाऊस ओढ देणाऱ्या टेकड्यांवर थोडं थांबावं लागतं. ऑगस्टच्या मध्यानंतर लावलेलं रोप पहिला उन्हाळा काढेल याचा भरवसा नाही. पिशवी पूर्ण काढा, तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर कात्रीने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. लावून झाल्यावर रोपाच्या नैर्ऋत्येला डोक्याएवढा एक दगड ठेवा. दुपारनंतरचं ऊन तो अडवतो आणि त्याखालची माती उशिरा सुकते. बुडाभोवती लहान दगड पसरा. गवताचं आच्छादन इथे नको. वाळवीला आणि वणव्याला ते आयतंच मिळतं.

पहिल्या वर्षी जानेवारी ते मे दर पंधरा दिवसांनी रोपाला चार-पाच लिटर पाणी मिळालं तर उत्तम. यावल-रावेरकडे केळीच्या बागेतून निघालेल्या जुन्या ठिबक नळ्या सहज मिळतात, पण डोंगरावर उंदीर त्या कुरतडतात. त्यापेक्षा बुडाला बारीक छिद्र पाडलेली दोन लिटरची बाटली रोपाशेजारी पुरून भरत राहणं सोपं. दुसऱ्या वर्षी पाणी देऊ नका.

गुरं मोठ्या धायटीला सहसा तोंड लावत नाहीत, आणि उघड्या चराऊ उतारावर ती टिकून दिसते ते त्यामुळेच. कोवळ्या रोपाचं मात्र बकऱ्यांपुढे काही चालत नाही, आणि गुरांच्या पायाखालीही ते जातं. दोन पावसाळे बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागतं. वणव्याचंही तसंच. मोठं झुडूप वरून जळलं तरी बुडातून पुन्हा फुटतं, लहान रोप संपतं. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की प्रत्येक रोपाभोवती एक मीटर जागा खुरप्याने साफ करून टाका.

बियांच्या रोपाला चांगला फुलोरा धरायला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. झुडूप फार विस्कटलं तर छाटणी मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, जमिनीपासून 25-30 सेंटिमीटरवर करा. बी झडलेलं असतं आणि नवे फुटवे पावसावर वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटलंत तर त्या वर्षीची फुलं घालवलीत, कारण फुलोरा पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवरच येतो.

फुलं गोळा करताना

आयुर्वेदाच्या आसव-अरिष्टांत धायफूल लागतं: दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षारिष्ट, लोहासव अशा कितीतरी पाठांत. काढा गार झाल्यावर गूळ किंवा मध घालून त्यात फुलं टाकतात आणि मग ते आंबायला ठेवतात. ती उकळली जात नाहीत. म्हणून फुलात आलेली माती, लेंड्या, बुरशी थेट औषधात जाते. जमिनीवर पडलेली फुलं झाडूने गोळा करून विकू नयेत, याचं कारण हे एवढंच आहे.

झुडपाखाली जुनी धुतलेली चादर पसरा आणि उमललेले झुबके हाताने खुडा. काठीने झोडपलं तर कोवळे शेंडे मोडतात. दर झुडपावर निदान एक तृतीयांश फुलोरा शिल्लक ठेवा, आणि तो एका बाजूचा नको, सगळ्या फांद्यांवर थोडा थोडा हवा. फुलं धुऊ नका. त्याच दिवशी सावलीत, वारा खेळणाऱ्या जागी, कापडावर दोन बोटं जाडीच्या थराने पसरा आणि दिवसातून तीनदा वरखाली करा. कडक उन्हात टाकली तर लवकर वाळतात, पण रंग उडून पांढुरकी होतात आणि व्यापारी भाव पाडतो. पत्र्यावर किंवा डांबरी रस्त्यावर वाळवू नका. फुलाचा आखूड देठ वाकवल्यावर कट्‌कन मोडला की माल तयार. नुसता वाकत असेल तर अजून एक दिवस थांबा. अर्धवट वाळलेलं पोतं आतून तापतं आणि आठ दिवसांत कुबट वास सुटतो.

खुडायला जाण्याआधी जमीन कोणाची ते बघा. यावलच्या अभयारण्यातून किंवा गौताळ्यातून परवानगीशिवाय काहीही आणता येत नाही, वाळलेलं फूलसुद्धा. धडगाव, अक्कलकुवा हे पेसा कायद्याखालचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालचे तालुके. 2006 च्या वनहक्क कायद्याने जिथे सामूहिक हक्क मिळालेले आहेत तिथे गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार आहे, आणि फुलं केव्हा खुडायची, किती ठेवायची हे तीच ठरवू शकते. बाहेरून आलेल्या अभ्यासकानेही नमुना घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं. धायफूल आधारभूत किमतीच्या वनोपज यादीत आहे, म्हणून विक्रीआधी त्या वर्षीचा दर माहीत करून घ्या आणि माल कोरडा असतानाच, स्वतःसमोर तोलून द्या.